फोनवाल्या नानांचे तेवीस दिवस

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार, त्रिपुरारी पौर्णिमा. त्या दिवशी अवकाळीनं नाशिक जिल्हा झोडपला. निफाडच्या बाजूला द्राक्षबागांवर गारा पडल्या, शहरातही सरी आल्या. पाथर्डी फाट्याच्या अलीकडे, चौथ्या मजल्यावर एकटे राहणारे नाना संध्याकाळी गॅलरीत त्रिपुरी वाती लावायला गेले. माई, म्हणजे नानांची बायको, होत्या तोवर त्या लावायच्या. त्या गेल्यावर नेम नानांकडे आला. फरशी ओली, लाइट गेलेले, पायात झिजलेली स्लीपर. नाना उजव्या कुशीवर पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. वय अठ्ठ्याहत्तर.

मोबाइल सदऱ्याच्या खिशात होता आणि सारखा वाजत होता, कारण आमच्या जुन्या वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गारांचे व्हिडिओ येत होते. या ग्रुपवर सत्तेचाळीस माणसं आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना नाना त्यांच्या जन्मापासून नाहीतर लग्नापासून ओळखतात. नानांनी ग्रुप उघडला नाही. बंगळुरूच्या मुलाला फोन लावला. मुलानं सोसायटीच्या चेअरमनना, चेअरमननी वॉचमनला. लॅचची एक चावी चेअरमनकडे असायची म्हणून दार फोडावं लागलं नाही.

ग्रुपला हे कळलं १९ डिसेंबरला, म्हणजे तेवीस दिवसांनी. नाना त्या काळात ग्रुपवर नव्हते असंही नाही. एक दिवस सोडला तर रोज पहाटे त्यांचं ‘सुप्रभात’ येत होतं. सोमवारी शंकर, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. काहीच चुकलं नव्हतं. म्हणून तर कोणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

मी समाजकार्य शिकवून निवृत्त झाले. प्रकरण अभ्यास कसा लिहावा हे पोरांना शिकवण्यात वर्षं गेली, आणि ‘सोशल मीडिया माणसं जोडतो की तोडतो’ या विषयावरचे त्यांचे निबंधही पुष्कळ तपासले. अर्धे जोडतो म्हणायचे, अर्धे तोडतो, आणि शेवटच्या परिच्छेदात सगळेच ‘तारतम्य हवे’ असं लिहून मोकळे व्हायचे. त्यामुळे या प्रश्नाचा मला जरा कंटाळाच होता. नानांच्या निमित्तानं तो दारात आला तेव्हा लक्षात आलं की मीही त्या सत्तेचाळीसांतली एक आहे, आणि तो ग्रुप मी ‘ऑलवेज’ म्यूट करून ठेवलाय. तेव्हा हे लेखन त्रयस्थाचं नाही, हे आधीच सांगते. नावं दिलेली नाहीत; वाड्यात ज्याला ज्या हाकेनं ओळखत, तीच ठेवली आहे.

पी.पी. नंबर

जुन्या नाशकात, तिवंध्याच्या वरच्या अंगाला आमचा वाडा होता. दोन चौक, अकरा बिऱ्हाडं, एक आड, आणि संडासापुढे सकाळची रांग. वाड्यांबद्दल हळवं होऊन लिहायची हल्ली फॅशन आहे, मला ती नको. वाड्यात भांडणं पाण्यावरून व्हायची, लाइटबिलाच्या वाटणीवरून व्हायची, आणि एकदा तर वाळत घातलेल्या कुरडयांवरून दोन बिऱ्हाडं चार वर्षं बोलत नव्हती. माणसं चांगली होती म्हणून जवळ होती असं काही नाही. एकमेकांवाचून अडायचं, म्हणून होती.

फोन एकट्या नानांकडे होता. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. नाना प्रेसमध्ये, म्हणजे नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात नोकरीला, त्यामुळे पगार नियमित, आणि स्वभाव चिकाटीचा. फोन आला तो खिडकीत बसला. त्यावर माईंच्या हातचं क्रोशाचं कव्हर, डायलला छोटं कुलूप, शेजारी रुपयाची नाणी टाकायला बोर्नव्हिटाचा डबा. वाड्यातल्या सगळ्यांच्या लग्नपत्रिकांवर, नोकरीच्या अर्जांवर तोच नंबर, पुढे ‘पी.पी.’ लिहिलेला, म्हणजे फोन शेजाऱ्याचा, माणसाला बोलावून देणार. फोन वाजला की नाना जिन्यात येऊन हाक मारत. “अगं, तुझ्या माहेरून आहे. दहा मिनिटांनी परत करतायत, पोळी तव्यावर असेल तर उतरव.”

त्या हाकेमुळे नानांना सगळं ठाऊक असे. कोणाची मुलाखत आहे, कोणाची सोयरीक मोडली, कोणाच्या वडिलांना ॲडमिट केलंय. ते चौकशी करत नसत, त्यांना करावी लागत नसे. माझ्या नेमणुकीची बातमी मला कळण्याआधी नानांना कळली होती, आणि त्यांनी ती जिन्यातूनच सांगितल्यामुळे अकरा बिऱ्हाडांनाही.

पुढे घरोघरी फोन आले, मग मोबाइल. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना पालिकेच्या नोटिसा निघतात, तशी आमच्या वाड्यालाही निघाली. २००९ पर्यंत सगळी पांगापांग झाली. कोणी सिडकोत, कोणी गंगापूर रोडला, कोणी मखमलाबादला, काही पुण्याला, एक न्यू जर्सीला. मालकांच्या वारसांशी जागेचा वाद तेवढा मागे राहिला. तो अजून आहे, आणि या गोष्टीत त्याचं काम पुढे येईल.

ग्रुपचं पहिलं नाव

२ ऑगस्ट २०१६ ला गंगेला पूर आला. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) इथे पुराची मोजपट्टी म्हणजे रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, असं गावभर सांगत जातात. त्या दिवशी मारुती बुडाला आणि पाणी सराफ बाजार, भांडी बाजाराकडे वळलं. आमच्या वाड्यातल्या एकाचं तिथे भांड्यांचं दुकान. त्यानं हाताला लागतील तेवढे वाड्यातल्या पोरांचे नंबर गोळा केले आणि व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. नाव दिलं ‘दुकान रिकामं करा’.

नऊ जण पोचले. पितळी घागरींपासून स्टीलच्या डब्यांपर्यंत सगळं माळ्यावर चढवलं. कित्येकांची सात-आठ वर्षांनी भेट होत होती, पण भेटायचं सुचायच्या आधी हातात टोप आला. रात्री दहाला दुकानदारानं सगळ्यांना मिसळ खिलवली आणि ग्रुपचं नाव बदललं: ‘आपला वाडा’, पुढे लाल बदाम.

महिन्याभरात, ५ सप्टेंबरला जिओ आलं. फुकट डेटा म्हटल्यावर नातवंडांनी आजी-आजोबांच्या हातात स्मार्टफोन दिले आणि वाड्यातली थोरली पिढी ग्रुपवर आली. नानांचा पहिला मेसेज मला आठवतो. “नाना बोलतोय.” फोन उचलल्यावर जसं म्हणायचं, तसं.

२०२१ च्या एप्रिल-मे मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, हा ग्रुप पुन्हा एकदा कामाला आला. बेड, रेमडेसिव्हिर, ऑक्सिजनचं मशीन. २१ एप्रिलला शहरातल्या पालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून रुग्ण दगावले, त्या दिवसानंतर तर लोक झोपत नव्हते. आमच्यातल्या दोघांना बेड मिळाला तो कोणाच्या तरी भावजयीच्या ऑफिसातल्या कोणामुळे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये मांडलं होतं की नवी माहिती बहुधा जिवलगांकडून येत नाही, कारण जिवलगांना जे माहीत तेच आपल्यालाही माहीत असतं. ती लांबच्या, ओझरत्या ओळखींतून येते. वर्गात हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. त्या एप्रिलमध्ये त्याचा प्रत्यय आला.

म्हणजे ग्रुप वाईट होता असं म्हणायला माझ्याकडे काहीच नाही. त्यानं दुकान वाचवलं आणि दोन माणसांना वेळेवर बेड मिळवून दिले.

प्रश्न येतो तो दोन कामांच्या मधल्या काळाचा. २०१७ ते २०२०, मग २०२१ च्या जूनपासून पुढे. त्या काळातले मेसेज मी या लेखनासाठी सलग बसून वाचले. सुप्रभात, वाढदिवस, श्रद्धांजली, फॉरवर्ड, सहलीचे फोटो. निवडणुकीच्या आधी भांडणं, निवडणूक झाली की शांतता. २०१८ च्या जूनमध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीबद्दलचे मेसेज आमच्याकडेही आले होते. १ जुलैला शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, अशाच अफवेपायी, भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. त्या वेळचे आमच्या ग्रुपवरचे मेसेज वाचताना अंगावर काटा येतो. एकानं टाकलं की काही मिनिटांत तिघांनी ‘काळजी घ्या’ म्हटलेलं. खोटी टोळी मिनिटांत सगळ्यांपर्यंत पोचली होती. नानांचं खरं पडणं पोचायला तेवीस दिवस लागले.

दवाखान्यातून सुप्रभात

नाना एका खासगी दवाखान्यात बारा दिवस होते. सोमवारी ऑपरेशन, तेवढा एक दिवस सुप्रभात चुकलं. मंगळवारी पहाटे गणपती आला. मी तो त्या दिवशी पाहिलाही नव्हता. नंतर स्क्रोल करून शोधला: जास्वंदीचं फूल, मोदक, खाली ‘आपला दिवस आनंदात जावो’. त्याला अकरा जणांनी हात जोडले होते.

पुढे नानांशी याबद्दल सविस्तर बोलले तेव्हा कळलं की मंगळवारीच त्यांनी ग्रुपवर लिहायला घेतलं होतं. ‘मी पडलो आहे, ऑपरेशन झाले’ इतकं टाइपही झालं होतं. मग?

“अगं, त्या दिवशी पुण्याच्या पोराचा पन्नासावा वाढदिवस चालू होता. सगळे केक टाकत होते. त्यात मध्येच माझं हाड कुठे घालू?”

बुधवारी?

“बुधवारी म्हटलं, आता काय, शिळी झाली बातमी.”

मी विचारलं, एखाद्याला वेगळा फोन का नाही केलात? नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सत्तेचाळीस जणांना सांगावं इतकी मोठी बातमी नव्हती ती. आणि एकाला सांगायचं, तर कोणाला?”

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. सगळं प्रकरण त्यात आहे. वाड्यात नानांना कोणाला सांगायचं हा प्रश्न पडला नसता, कारण सांगण्यासाठी निवड करावीच लागत नसे. आडावर जो असेल त्याला सांगितलं की झालं. ग्रुपवर सांगायचं म्हणजे चौकात उभं राहून सांगायचं. चौकात सांगायची बातमी चौकाच्या मापाची लागते: मृत्यू, लग्न, पन्नाशी, परदेश. मधलं काही तिथे मावत नाही. गुडघा दुखतो, रात्री झोप लागत नाही, गॅलरीत जायची आता भीती वाटते, या गोष्टी एकाच माणसाला सांगायच्या असतात. आणि ते एक माणूस ग्रुपनं हळूच काढून घेतलं होतं. आधी मी नानांना दोन-तीन महिन्यांतून फोन करायचे. ग्रुप आल्यावर तो थांबला. भांडण नाही, काही नाही. त्यांचं सुप्रभात दिसत होतं, त्यातच खुशाली आली असं मी धरून चाललेले.

रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात ७३ घरांना संगणक आणि इंटरनेट देऊन त्यातल्या १६९ माणसांवर लक्ष ठेवलं होतं. १९९८ मध्ये त्यांनी लिहिलं की ज्यांनी इंटरनेट जास्त वापरलं त्यांचं घरच्यांशी बोलणं थोडं घटलं, गोतावळा थोडा आक्रसला, एकटेपणा थोडा वाढला. हा निष्कर्ष जगभर गाजला, अजून भाषणांत येतो. त्याच मंडळींनी २००२ मध्ये त्याचा पुढचा भाग प्रसिद्ध केला: त्याच माणसांमधले ते वाईट परिणाम बहुतेक ओसरले होते, आणि नव्या गटात असं दिसलं की ज्यांना मुळात माणसं आहेत, बोलका स्वभाव आहे, त्यांना इंटरनेटचा फायदा होतो; ज्यांना आधार कमी आहे त्यांना कमी. हा दुसरा भाग कोणी सांगत नाही. आहे रे वर्गाला आणखी मिळतं, हे ऐकायला कोणाला आवडतं?

क्राउट यांनीच पुढे मोइरा बर्क यांच्याबरोबर फेसबुक वापरणाऱ्या १,९१० जणांचा अभ्यास केला, तो २०१६ चा. त्यात दिसलं की जवळच्या माणसानं आपल्यासाठी म्हणून, स्वतःच्या शब्दांत लिहिलेला मजकूर आला, तर मनाला बरं वाटण्याशी त्याचं नातं आहे. एका बोटाच्या टिचकीनं दिलेला लाइक, किंवा सगळ्यांसाठी टाकलेलं वाचणं, यांचं तसं नातं दिसलं नाही. नानांच्या गणपतीला आलेले अकरा जोडलेले हात यांत कुठे बसतात ते उघड आहे. पण नानांनीही गणपती सगळ्यांनाच पाठवला होता. चौकात ठेवलेल्या दिव्याला चौकातल्या लोकांनी जाता जाता नमस्कार केला, इतकंच ते.

भाडेपावती

ग्रुपला कसं कळलं, तर माझ्यामुळे. पण काळजीपोटी नाही. वारसांच्या वादात वकिलांना १९९४ ची भाडेपावती हवी होती. त्या काळी सगळ्या बिऱ्हाडांचं भाडं गोळा करून मालकांकडे पोचवायचं काम नानांकडे असे आणि पावत्या ते जपून ठेवत. म्हणून १९ डिसेंबरला मी त्यांना फोन केला. दीड-दोन वर्षांनी.

उचलला एका मावशींनी. “आजोबा आत्ता वॉकर धरून चालतायत, बसले की देते.”

मी म्हटलं, कोण आजोबा?

मराठीत ‘कामापुरता मामा’ ही शिवी आहे. काम असेल तेव्हा ओळख दाखवणाऱ्याला आपण ती देतो. त्या दिवशी मी कामापुरती भाचीच होते. तरीही, किंवा म्हणूनच, तेवीस दिवसांत नानांच्या घरचा फोन वाड्यातल्या एकाच माणसानं वाजवला, आणि त्याला काम होतं. नुसत्या प्रेमानं कोणी वाजवला नव्हता, आणि प्रेम ग्रुपवर रोज ओसंडत होतं. माझं या प्रकरणातलं म्हणणं काही असेल तर ते हे: आमच्या ग्रुपनं माणसं जोडली ती काम होतं तेव्हा. काम संपल्यावर नुसती हजेरी उरली, आणि हजेरीनं कामाची जागा अडवून ठेवली.

दोन उपाय

मी ग्रुपवर बातमी टाकली. तासाभरात ‘गेट वेल सून’, गुलाब, जोडलेले हात, ‘नाना, तुम्ही वाघ आहात’. मग पुण्याहून एकानं लिहिलं, “नाशकात राहणाऱ्यांनी तरी लक्ष ठेवायला हवं होतं.” सिडकोतून उत्तर, “उपदेश करायला काय जातंय, सहा वर्षांत तुम्ही कितीदा आलात?” न्यू जर्सीनं मध्यस्थी करायला इंग्रजीत तीन परिच्छेद लिहिले, ते दोघांनाही झोंबले. दोन दिवसांनी दोघं ग्रुपमधून गेले. २०२२ पासून व्हॉट्सॲपवर ग्रुप गुपचूप सोडता येतो, सूचना फक्त ॲडमिनला जाते. त्यामुळे बाकीच्यांना पत्ताच नव्हता. नानांना कळलं तेव्हा ते म्हणाले, “माझ्या एका हाडापायी दोन घरं मोडली.”

ॲडमिन म्हणजे तोच भांडी बाजारातला दुकानदार. त्याला खरोखर वाईट वाटलं होतं. त्यानं नियम केला: यापुढे सुप्रभात नाही, फॉरवर्ड नाही, फक्त कामाचं. माझ्याशी बोलताना त्यानं अमेरिकेतल्या एका प्रयोगाचा दाखला दिला. त्याला तो कुठून मिळाला देव जाणे, पण प्रयोग खरा आहे. २०१८ च्या तिथल्या निवडणुकीआधी संशोधकांनी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. २०२० मध्ये निष्कर्ष छापून आले. रोजचा सरासरी तासभर मोकळा झाला, घरच्यांबरोबर आणि मित्रांबरोबर वेळ वाढला, मनःस्थिती किंचित सुधारली. ‘किंचित’ हा शब्द दुकानदारानं गाळला होता. आणि एकट्यानं टीव्ही बघणंही वाढलं होतं, तेही.

आमच्याकडे नियमानं काय केलं? ग्रुप सामसूम झाला. नानांनी शहाण्या मुलासारखं दुसऱ्या दिवसापासून सुप्रभात बंद केलं. दहा दिवसांनी मी गेले तर मावशी दारातच कुजबुजल्या, “हल्ली आठ-आठ वाजेपर्यंत उठत नाहीत.” तेव्हा उलगडलं की ते चित्र पाठवणं ही नानांची पहाट होती. पाचला उठायचं, तोंड धुवायचं, चष्मा पुसायचा, रात्री वार बघून निवडून ठेवलेलं चित्र पाठवायचं, मग चहा. जिन्यात उभं राहून हाक मारणाऱ्या माणसाला उरलेली ती शेवटची हाक होती. आम्ही तिला कचरा समजत होतो, आणि आता नियम करून बंदही करून टाकली होती. इथे माझं शिक्षण कमी पडलं हे कबूल करते. नियमाला मी मान डोलावली होती.

दुसरा उपाय समोरच्या बिऱ्हाडातल्या मोठ्या ताईंचा. बँकेतून निवृत्त झालेल्या, बोलणं हिशेबी. त्या म्हणाल्या, “नानांची विचारपूस पुरे झाली. त्यांना काम द्या.”

काम असं: वाड्यातल्या अकरा बिऱ्हाडांतली जी माणसं हयात आहेत त्यांची यादी करायची, आणि नानांनी रोज एकाला फोन करायचा. व्हिडिओ नाही, मेसेज नाही, फोन. कोण आजारी, कोणाला काय हवं, कोणाकडे जास्तीचं काय पडलंय, हे वहीत लिहायचं आणि ज्याच्या उपयोगाचं असेल त्यालाच कळवायचं. ग्रुपवर टाकायचं नाही. नानांनी दोनशे पानी वही आणवली आणि वर लिहिलं, ‘ट्रंक कॉल’. एक्स्चेंजमार्फत लावायच्या परगावच्या फोनला पूर्वी तसं म्हणत.

पहिल्याच आठवड्यात आक्का सापडल्या. वय चौऱ्याऐंशी, मखमलाबादला मुलाकडे. आम्ही सगळे समजत होतो की त्या ग्रुपवर आहेत. होता तो सुनेचा नंबर, आणि सुनेनं ग्रुप केव्हाच म्यूट केला होता. आक्कांकडे बटणाचा फोन. गेली सात वर्षं त्यांचा समज असा, की वाडा पडला तशी माणसंही पडली, कोणी म्हणून विचारत नाही. आणि या सात वर्षांत त्यांच्या वाढदिवसाला दरसाल केकचे फोटो पडत होते. नाना त्यांना म्हणाले, “आक्का, तुमचा फोन आहे.” आक्का म्हणाल्या, “कोणाचा?” नाना म्हणाले, “माझाच.”

सगळंच असं गोड झालं नाही. दोघं नानांचा फोन उचलत नाहीत. एकानं स्पष्ट सांगितलं की कामाच्या वेळात नको, आणि त्याची कामाची वेळ कधी संपते ते नानांना अजून कळलेलं नाही. एका घरात नवरा-बायकोच्या कुरबुरीची बातमी वहीतून नको तिथे गेली आणि मोठ्या ताईंना जाऊन मिटवावं लागलं. गोपनीयता वगैरे शब्द नानांच्या काळात नव्हते, जिना होता. पुण्याचा आणि सिडकोतला अजून बोलत नाहीत; नाना दोघांना फोन करतात आणि एकाचं दुसऱ्याला सांगत नाहीत, हा संयम ते नव्यानं शिकले आहेत.

देण्याघेण्याच्या नोंदी मात्र वाढल्या. वॉकर नको झाल्यावर तो सिडकोत गेला. आक्कांना वाचायला मोठ्या टायपाची पोथी हवी होती, ती गंगापूर रोडवरून निघाली. दुकानदाराला हिशेबाला माणूस हवा होता, मोठ्या ताई आठवड्यातून दोनदा जाऊ लागल्या. वही चाळताना प्रेमाबिमाचा शब्द कुठेही दिसत नाही. ‘मं. – आक्का – गोळ्या संपल्या – शुक्र. पोचत्या.’ अशा ओळी.

सुप्रभातही परत आलं. दुकानदारानं स्वतः नानांना फोन करून सांगितलं, तेवढं तुमचं चालू ठेवा. मी ग्रुप अजून म्यूटच ठेवलाय. गुरुवारी नानांचा फोन येतो, तो उचलते.

भाडेपावती अजून हातात आलेली नाही. नाना म्हणतात ती माळ्यावरच्या ट्रंकेत आहे, त्यांना चढवत नाही, मीच येऊन बघावी. ट्रंका तीन आहेत. पहिलीत माईंच्या पैठण्या आणि प्रेसमधल्या युनियनचे कागद निघाले, तेव्हा चहा झाला. दुसरीत ते क्रोशाचं कव्हर होतं, तेव्हा जेवूनच निघाले. इतक्या व्यवस्थित माणसाला पावती कुठल्या ट्रंकेत आहे ते आठवत नसेल, यावर माझा काही विश्वास बसत नाही. तिसरी ट्रंक येत्या रविवारी उघडायची ठरली आहे.